मिस्त्रींचे तीन वेढे

गिटार मांडीवर आडवी घ्यायची, खुंटीच्या भोकात तार ओवायची, एका हाताच्या बोटाने ती ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने खुंटी फिरवत पुटपुटायचं, "येक... दोन... तीन. बस. चवथा लोभाचा." आमच्या मांडवीतल्या वायंडिंगवाल्या मिस्त्रींचं हे ठरलेलं पुटपुटणं. सहा तारा, प्रत्येकीला तीन वेढे, एकाला एक चिकटून, वरून खाली उतरत गेलेले. जास्त वेढे घेतले की तार खुंटीवर सैल बसते आणि सूर उतरत राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं. मी मात्र तीस वर्षं सहा-सहा वेढे घेत आलो होतो आणि मला कुणी लोभी म्हटलं नव्हतं.

मिस्त्रींना गिटार वाजवता येत नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्या पोटातली जळजळ तुम्हाला दिसल्याशिवाय राहणार नाही. ज्या माणसाला एक गाणं धड वाजवता येत नाही, त्याचा हेवा करण्यात मी कितीतरी वर्षं घालवली. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. ज्याने तुमचं काही वाकडं केलेलं नाही, आणि म्हणूनच तो जास्त टोचतो.

मी हायस्कूलात भूगोल शिकवतो. तरुणपणी गावातल्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. लग्नं, गणपती, हळदी, सगळीकडे आमची पार्टी असायची. पार्टी मोडली तरी रविवारी सकाळी माझ्या पडवीत पाच-सहा पोरं शिकायला बसत. रत्नागिरीत गिटारचं काही अडलं की सरांना विचारा, असं लोक म्हणत. त्या म्हणण्यावर माझं पोट भरत असे, पगारावर घर चाले.

मिस्त्रींचं दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याची शेड, दारात जळालेल्या मोटारी, आत तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे रोज बदललेलं एक फूल. हापूसच्या बागांमधले पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, घरोघरचे पंखे, असं सगळं त्यांच्याकडे यायचं. जळालेली गुंडाळी उकलायची, वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे, हे त्यांचं काम. बोलत कमी. मोजण्यात खंड पडतो म्हणून बोलत नसावेत, असं मला आधी वाटायचं. पुढे कळलं की त्यांना बोलण्यासारखं फार कमी वाटायचं.

त्यांच्याकडे गिटार आली ती चौदा एप्रिलच्या जयंतीला गाणाऱ्या पार्टीतून. त्यांच्या वाडीतल्या एका गिटारवाल्याचा पिकअप मेला होता. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं चुंबक, त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. आवाज तिथून निघतो. तो गिटारवाला आधी माझ्याकडे आला होता. मी त्याला मुंबईहून नवा मागव म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, "ही बारकी मोटरच हाय. फक्त फिरत नाय." दोन दिवसांत नवीन गुंडाळी भरून दिली. जयंतीच्या कार्यक्रमात ती गिटार अशी खणखणली की लोक मला येऊन सांगू लागले. मला कशाला सांगायचं, ते मला आजही समजलेलं नाही.

त्यानंतर लोक गिटारी घेऊन तिकडे जायला लागले. पिकअपसाठी गेलेले तारा बदलून परत यायचे. खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे तारा महिन्या-दीड महिन्यात गंजतात, बोटं काळी होतात. त्यावर माझा एक रामबाण उपाय होता. वाजवून झालं की तारांना खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, मी पोरांना शिकवलं. आमच्या घरात दाराची बिजागरी, शिलाई मशीन आणि डोकं, सगळ्याला एकच बाटली. तारा गंजायच्या नाहीत हे खरं. पण तेलावर धूळ बसून त्या मुक्या होत, ठक्-ठक् वाजत, आणि मला वाटायचं की गिटारचा आवाज असाच असतो.

माझी मुलगी मुक्ता चौदाव्या वर्षी माझ्याकडेच शिकायला लागली. तिला मी माझ्या हाताने गिटार दिली, पहिला स्वर माझ्या हाताने दाबायला शिकवला. एका रविवारी ती खाली मान घालून म्हणाली की तिच्या तारा मिस्त्रीकाकांनी बदलल्यात, आणि काकांनी सांगितलंय की तेल लावू नको, कोरड्या फडक्याने पूस. तिने वाजवून दाखवलं. पडवीत बसलेली सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. गिटार तीच, हात तेच, आणि आवाज मात्र मी तीस वर्षांत काढला नव्हता असा. मी म्हटलं, छान आहे, पण टिकणार नाही.

दहावीनंतर तिला नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली. हिचा ब्रिज, म्हणजे खालच्या अंगाला ज्या पट्टीत तारा अडकवतात ती पट्टी, हलती होती. तिला एक दांडी, दांडी दाबली की सूर डुलतो. मागच्या बाजूला स्प्रिंगा. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा, मधे पट्टी तोल सांभाळून उभी. मिस्त्रींनी ती हातात घेऊन अर्धा तास फक्त बघितली, असं मुक्ताने घरी येऊन सांगितलं. मग त्यांनी तिला नियम घालून दिला. एक तार काढायची, तिच्या जागी नवी घालायची, सुरात आणायची, मगच दुसरीला हात लावायचा. सगळ्या एकदम कधी काढायच्या नाहीत, आणि जाडी बदलायची नाही, नाहीतर तोल जातो.

माझी जुनी गिटार पक्क्या ब्रिजची. मी आयुष्यभर सहाच्या सहा तारा एकदम काढत आलो, लाकूड पुसत आलो. मला हे सगळं मिस्त्रींचं अवडंबर वाटलं. तिला तसं बोलूनही दाखवलं. तरी कॉलेज सुटलं की ती तिकडेच जात राहिली.

त्या वर्षी मी त्यांना पकडायची एक संधीही शोधली. मिस्त्री सूर लावायचे ते दुकानाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यावर. तो चोवीस तास एकाच सुरात गुणगुणतो, त्याच्याशी एक तार जुळवायची, बाकीच्या तिच्यावरून. मी मोबाईलवर तपासलं. सूर रीतसर सुरापेक्षा किंचित चढा होता. मला इतका आनंद झाला की चहा घेताना मी तो मोबाईल मुक्तासमोर धरला. ती म्हणाली, "सगळ्या सहा सारख्याच चढ्या आहेत ना बाबा? मग आपसात जुळल्यायत." मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी विचार करून सांगितलं की मग चूक लाईटवाल्यांची. ही गोष्ट मुक्ता हसून हसून सगळ्यांना सांगायची. मीही हसायचो.

तुम्ही विचाराल, यात जळण्यासारखं काय होतं. पोरगी माझीच होती, गिटार मी घेऊन दिलेली, आणि शेजारचा एक साधा माणूस तिच्या तारा बदलून देत होता. पण ती नवीन काही बसवायची ते आधी तिथे ऐकवायची. माझ्यासमोर वाजवताना ती चांगलं वाजवायची आणि तिथे मनापासून. मी एकदा दुकानाबाहेर उभा राहून ऐकलंय. चूक झाली तर मिस्त्री काही बोलत नसत, फक्त हातातली मोटर बाजूला ठेवत. ती पुन्हा वाजवायची. माझ्या पोरीला शिकवायची ती रीत मला का सुचली नाही, हे मी त्या दिवशी घरापर्यंत चालत येताना स्वतःला विचारत होतो.

अकरावीला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिला एकटीने वाजवायचं होतं. स्वतः बांधलेली धून. दोन महिने तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आदल्या आठवड्यात गिटार तयारीसाठी मिस्त्रींकडे दिली होती. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ते स्वतः ती घरी घेऊन आले. मुक्ता माझी जुनी गिटार घेऊन तालमीला गेली होती. त्यांनी गिटार माझ्या हातात दिली, तारा तिच्या नेहमीच्याच बारीक घातल्यात असं सांगितलं आणि पाणीसुद्धा न घेता गेले.

मी तिच्यासाठी परदेशी तारांचा एक महागडा सेट मागवून ठेवला होता. जाड, भारदस्त आवाजाच्या, मी तरुणपणी ज्यांची फक्त वर्णनं ऐकली होती तसल्या. माझा बेत साधा होता. ती वाजवेल, लोक टाळ्या वाजवतील, आवाजाचं कौतुक करतील, आणि मग मी तिला सांगेन की बाळा, या तारा बाबाने घातल्यात. एवढंच. तिचं वाईट करायचं माझ्या मनातही नव्हतं, हे तुम्ही मानाल की नाही ठाऊक नाही. मी पक्कड घेतली आणि मिस्त्रींनी घातलेल्या सहाही तारा एका पाठोपाठ एक तोडल्या. ब्रिज खट्कन आत बसला. मला तो आवाज आवडला नाही, पण आता मागे येणं नव्हतं. नव्या तारा चढवल्या, प्रत्येकीला माझे सहा वेढे. दोन तास सूर लावत बसलो. एक लावावी तर दुसरी उतरे. शेवटी जुळल्यासारखं झालं. मी गिटार पिशवीत भरली, आणि मुक्ता आल्यावर सांगितलं की मिस्त्री देऊन गेले, आता हात लावू नको, तारा बसू देत.

दुसऱ्या दिवशी ती मंचावर गेली. सुरुवातीच्या दोन ओळी बऱ्या गेल्या. मग तिने ती दांडी दाबली आणि सोडली, आणि सगळे सूर चिखलात पाय रुतावा तसे खाली गेले. जाड तारांनी ब्रिज उचलून धरला होता, त्या गिटारच्या मानेपासून वर उभ्या राहिल्या होत्या, तिला दाबता येईनात. ती थांबली. खुंट्या फिरवल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तिने प्रेक्षकांना नमस्कार केला आणि ती आत निघून गेली.

मी धावत मागे गेलो तर मिस्त्री आधीच तिथे होते. इस्त्रीचा शर्ट घालून ते ऐकायला आले होते. त्यांनी तिच्या हातातून गिटार घेतली, चष्मा वर करून खुंट्या डोळ्यांजवळ नेल्या आणि बोटाने एकेक खुंटी चाचपली. मी बाजूलाच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मग गिटार खाली ठेवून ते तिला म्हणाले, "माझी चूक झाली गो बाय. जाड तारा घातल्या मी. चांगलं करायला गेलो."

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. तिने विचारलं, "काका, तुम्हीच मला सांगितलं होतं ना, जाडी बदलायची नाही म्हणून?" ते म्हणाले, "सांगितलं होतं. माझंच मी ऐकलं नाय." त्या क्षणी मला तोंड उघडायचं होतं. जीभ टाळूला चिकटली म्हणतात तसं काही झालं नव्हतं, मला सहज बोलता आलं असतं. मी बोललो नाही. घरी येताना ती रिक्षात रडत म्हणाली की काकांनी असं का केलं, आणि मी म्हणालो, होतं कधीतरी, माणूसच आहे तो.

ती पुन्हा त्या दुकानात गेली नाही. सोळा-सतराव्या वर्षी माणूस माफ करत नाही. त्या पुढचं दीड वर्ष तारा बदलायची वेळ आली की ती गिटार माझ्यापुढे आणून ठेवायची. मी गुपचूप मोबाईलवर सगळं शिकून घेतलं होतं, एकेक करून बदलायचो, तीनच वेढे घ्यायचो. ती शेजारी बसून गप्पा मारायची, परीक्षेचं सांगायची, मैत्रिणींचं सांगायची. बापलेकीत इतकी जवळीक आधी कधी नव्हती. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं दीड वर्ष, आणि ते कशावर उभं होतं हे मला रोज माहीत होतं.

दुकानावरून जाताना मिस्त्री विचारायचे, बाय कशी हाय? मी सांगायचो, बारावी आहे, अभ्यास आहे. ते मान डोलवायचे. काही दिवसांनी मी पलीकडच्या रस्त्याने शाळेत जायला लागलो.

मुक्ता बारावी होऊन पुण्याला गेली. त्याच वर्षी नवरात्राच्या सुमारास कळलं की मिस्त्रींचे डोळे गेले, बारीक तार दिसेना, आणि लांज्याला काजूच्या कारखान्यात असलेला मुलगा त्यांना घेऊन चाललाय. मी भेटायला गेलो. दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. एका पालथ्या डब्यावर ते बसले होते. मी बसलो, हवापाण्याचं बोललो, आणि मग एकदम सांगून टाकलं की त्या दिवशी तारा मी बदलल्या होत्या.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "सहा-सहा वेढे होते. माझ्या हातून सहा नाय होत मास्तर, झोपेतसुद्धा नाय होत."

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, म्हणजे जणू चूक त्यांचीच. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. आता त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"तिला मिस्त्री दुसरा गावला असता वो. बाप दुसरा कुठनं आणायचा?"

तुम्हाला वाटेल मी रडलो असेन. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मला त्या वाक्याचा हेवा वाटला. माझ्या मुलीबद्दल इतका विचार मी केला नव्हता आणि या माणसाने उभ्या-उभ्या केला होता. निघताना त्यांनी एकच मागितलं. बाय सुट्टीला आली की एकदा लांज्याला पाठवा, काय रागवायचं ते समोर येऊन रागावू दे. मी पाठवतो म्हणालो. पाठवायचं तर आधी तिला सांगायला हवं होतं.

मुक्ता दिवाळीला आली, मी सांगितलं नाही. शिमग्याला आली. पालखी घरी येऊन गेली, ती नाचली, खूष होती, मला वाटलं कशाला आता. मागच्या मे महिन्यात मिस्त्रींच्या मुलाचा फोन आला की बाबा गेले. मी लांज्याला गेलो नाही. शाळेत निकालाचं काम आहे असं स्वतःला सांगितलं.

आठ दिवसांनी मुक्ता उन्हाळ्याच्या सुट्टीला आली. दुपारी जेवण झाल्यावर पडवीत बसवून मी तिला सगळं सांगितलं. तारा, सहा वेढे, मंचामागचं बोलणं, दुकानातलं बोलणं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "काकांनी मला बोलावलं होतं?"

मी हो म्हणालो. केव्हा, असं तिने विचारलं. नवरात्रात, मी म्हणालो. तिने मनाशी काहीतरी जुळवलं.

"म्हणजे त्यानंतर मी दोनदा येऊन गेले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी लांज्याला गेली आणि संध्याकाळी परतली. तिच्या आईला तिने सांगितलेलं मी आतून ऐकलं. मिस्त्रींच्या बायकोने तिला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. तिच्या मापाच्या बारीक तारांचं एक पाकीट ते नेहमी कपाटात ठेवायचे. कागदी पाकिटात दमट हवेने तारा गंजल्या की मुलाला मोबाईलवरून दुसरं मागवायला सांगायचे. दुकान असतानाही ठेवायचे, लांज्याला गेल्यावरही. शेवटचं पाकीट बायकोने मुक्ताच्या हातात दिलं होतं.

त्या संध्याकाळी ती गिटार घेऊन मधल्या खोलीत बसली. मी पक्कड घेऊन दाराशी गेलो. तिने हात पुढे करून पक्कड घेतली आणि सांगितलं की मी करते. मी तिथेच उभा राहिलो. तिने जुनी एक काढली, नवी एक घातली, सुरात आणली, मग दुसरी. सावकाश, कुठेही घाई नाही. मिस्त्रींचा हात मी तिच्या हातात बघत होतो आणि मेलेल्या माणसाचाही हेवा करता येतो हे मला कळत होतं. सहावी झाल्यावर तिने सगळ्या तारांवरून एकदा बोट फिरवलं. खोलीभर स्वच्छ सूर पसरला. तो पुरता विरेपर्यंत ती मान कलती करून ऐकत राहिली.

"बरोबर?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

तिने वर बघितलं नाही. "तुला नाही विचारलं, बाबा," ती म्हणाली.